बेली ब्रेगच्या आधी एक श्वास

मी, खाली सही करणारी दाफिना लाझार स्तोएवा, वय एकोणऐंशी, पूर्वीची नभोवाणी निवेदिका आणि आता त्याच केंद्राच्या जुन्या इमारतीतल्या रेडिओ संग्रहालयाची रखवालदार, राहणार नदीकाठचा रस्ता, बेली ब्रेग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी पाजलेले नाही. कान शाबूत आहेत, डोळे कामापुरते आहेत, गुडघ्यांचे नाव काढू नये. बुद्धी जागेवर आहे की नाही अशी ज्याला शंका असेल त्याने दुपारी तीनच्या आत येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. तीनला मला नदी वाचायची असते.

वकिलाने सांगितले, की हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार नसले तरी चालते. त्याचे चालत असेल. आमच्या गावात दोघांनी पाहिल्याशिवाय कोंबडीने अंडे घातले यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून मी दोन साक्षीदार समोर बसवले आहेत. पहिली माझी नणंद वेनेता स्तोएवा, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, एकेकाळी याच केंद्रावर निवेदिका. दुसरी तोन्का, बंदर कचेरीतली, जी रोज मला नदीच्या पाण्याचे आकडे कळवते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळता कामा नये असे वकिलाने बजावले आहे. वेनेताला साक्षीदार करण्यामागे हेही एक कारण आहे.

आम्ही तिघी जुन्या स्टुडिओत बसलो आहोत. वेनेता समोरून, कागद उलटा असताना वाचते.

"वहिनी, रखवालदार काय लिहितेस? संचालिका लिही की."

"जिथे मीच झाडू मारते तिथली कसली संचालिका?"

"झाडू मी मारते," ती म्हणाली.

ते खरे आहे. झाडू ती मारते. तिकिटेही तीच फाडते.

कलम पहिले, माझ्या देहाबद्दल. मला टेकडीवरच्या दफनभूमीत लाझारच्या डगल्याशेजारी पुरावे. माझा नवरा लाझार नदीत गेला आणि नदीने त्याला परत दिला नाही, म्हणून आम्ही पेटीत त्याचा निळा डगला घालून पुरला, हे गावाला माहीत आहे. डगल्याच्या खिशात मी काय ठेवले ते गावाला माहीत नाही आणि आता विचारूही नये. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद करताना अक्रोड खवट नाहीत ना हे आधी चाखून पाहावे. माझ्या सासूच्या वेळी खवट निघाले होते आणि अजून लोक बोलतात. माझ्या निधनाची छापील पत्रके दारावर, बंदराच्या फळ्यावर आणि संग्रहालयासमोरच्या लिंडनच्या झाडावर लावावीत. फोटो हसरा नको. मायक्रोफोनसमोरचा, तोंड अर्धे उघडे असलेला वापरावा. त्या फोटोत मी "व्हिदिन" म्हणते आहे.

कलम दुसरे. राहते घर माझ्या बहिणीचा मुलगा देतेलिन याला. तो व्हॅलेन्सियात असतो, संत्री पेटीत भरतो आणि दर ईस्टरला फोन करून विचारतो, "मावशी, कशी आहेस?" म्हणजे घर कसे आहे. तो ते विकणार. विकू दे. घरात राहायला माणूस लागतो आणि माणूस तिकडे रमला आहे. त्याच्यावर माझा राग नाही. लहानपणी तो याच स्टुडिओत नाटकांच्या आवाजाच्या दाराशी तासन्‌तास खेळायचा. ते दार म्हणजे भिंत नसलेली नुसती चौकट. त्याला तीन कुलुपे, एक साखळी आणि एक करकरणारी बिजागरी आहे. रेडिओवरच्या नाटकात कोणी घर सोडून गेले की आम्ही तेच दार आपटायचो. देतेलिन सारखा एकाच बाजूने बाहेर पडायचा. तेव्हाच मला कळायला हवे होते.

माझ्या आणि वेनेताच्या अंगणांच्या मधल्या मांडवावर जी द्राक्षाची वेल आहे ती घरासोबत विकता येणार नाही. मुळे माझ्या बाजूला आहेत, द्राक्षे नेहमी तिच्या बाजूला पिकतात, यावरून आम्ही किती वर्षे भांडलो ते सांगत नाही. ती साक्षीदार असल्यामुळे वेल तिला देता येत नाही. म्हणून वेल मी कोणालाच देत नाही. ज्याच्या अंगणात घड पडेल त्याने तो खावा.

"म्हणजे मलाच," वेनेता म्हणाली.

"तोंड मिटून साक्षीदार हो, वन्सं."

कलम तिसरे, वस्तू. संग्रहालयातील सर्व रेडिओ, लाकडी, बेकेलाइटचे, तारेवर चालणारे एकाच बटणाचे, हे माझे नाहीत. ते गावाने आणून दिले आहेत. माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकता येतात, पण त्याचा रेडिओ कोणाला फेकवत नाही; आत तो माणूस अजून ऐकत बसला असेल असे वाटते. म्हणून लोक ते टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून माझ्याकडे आणतात आणि जाताना त्याच्या डोक्यावर हात फिरवतात. त्यातला एकही विकू नये. पावसाचा आवाज काढायची वाटाण्यांची पेटी तोन्काच्या... तोन्कालाही काही देता येत नाही, हे आत्ता लक्षात आले. पेटी तिथेच राहू दे. वाटाणे दोन वर्षांनी बदलावेत, उंदरांना पाऊस फार आवडतो.

पाणघोडा म्हणून ओळखला जाणारा मोठा टेपरेकॉर्डर चालत नाही. तो दुरुस्त करतो म्हणणाऱ्या कोणालाही आत घेऊ नये. याआधी तिघांनी दुरुस्त केला आहे.

कलम चौथे. आता इमारतीबद्दल, आणि हेच खरे कलम आहे.

केंद्र बंद झाले तेव्हा नगराध्यक्ष निकिफोर होते. त्यांचा जन्म मालवाहू तराफ्यावर झाला होता. त्यांनी इमारत संग्रहालयाला दिली ती एका अटीवर: या इमारतीतून रोज दुपारी तीन वाजता, जिवंत माणसाच्या तोंडून, नदीचे पाणी वाचले गेले पाहिजे. जितके दिवस वाचले जाईल तितके दिवस इमारत संग्रहालयाची. एक दिवस चुकला, की नगरपालिकेची. "जिवंत माणसाच्या" हे शब्द त्यांनी मुद्दाम घातले. पुढे कोणीतरी यंत्र आणून बसवेल हे त्यांना दिसत होते.

तर ते वाचन कसे असते हे कागदावर असू दे, कारण माझ्यानंतर वाचणाऱ्याला ते लागेल. पाणी ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने गावे येतात. गावाचे नाव, पाणी किती सेंटिमीटर, आणि कालच्यापेक्षा चढ की उतार. नोव्हो सेलो. व्हिदिन. लोम. ओर्याहोव्हो. बेली ब्रेग. निकोपोल. स्विश्तोव्ह. रूसे. सिलिस्त्रा. पूर्वी आम्ही हे बल्गेरियनमध्ये, मग रशियनमध्ये, मग परक्या बोटींसाठी फ्रेंचमध्ये वाचायचो. माझे फ्रेंच ऐकून एक फ्रेंच कप्तान रडला होता असे म्हणतात; कशाने रडला याची मी चौकशी केली नाही. घाई करायची नाही. नदी घाई करत नाही. आज व्हिदिनला जे पाणी आहे ते आपल्याकडे पोचायला वेळ आहे, पण ते निघाले आहे हे ऐकणाऱ्याला समजले पाहिजे.

आता बोटींकडे स्वतःची यंत्रे आहेत. माझ्या वाचनाची गरज कोणालाच नाही, हे मला माहीत आहे. आवाज जुन्या तारेवरून जातो, तो काठावरच्या एका भोंग्यात आणि नदीकाठच्या स्वयंपाकघरांमध्ये, जिथे भिंतीवरची ती जुनी रेडिओची पेटी अजून कोणी काढलेली नाही. तीन वाजले की त्या घरांत पातेल्यातला डाव थांबतो. गळ टाकून बसलेली माणसे बोलायची थांबतात. वाचून झाले की कोणी "ठीक आहे" असे म्हणते आणि डाव पुन्हा फिरू लागतो. एवढेच होते. मला ते पुरते.

या इमारतीवर श्री. पेन्चो मानोलोव्ह यांचा डोळा आहे. त्यांना येथे हॉटेल काढायचे आहे आणि प्रक्षेपणाच्या सभागृहात गरम पाण्याचा हौद बांधायचा आहे. नगरपालिकेने त्यांना शब्द दिला आहे: वाचन चुकले की इमारत तुमची. ते वाईट गृहस्थ नाहीत. पण रोज तीनला काठावरच्या भोंग्याखाली घड्याळ बघत उभे असतात, आणि दर आठवड्याला चॉकलेटचा डबा घेऊन माझी तब्येत विचारायला येतात. डबा देतेलिनला पाठवू नये, त्यात लिकर असते.

कलम पाचवे. माझ्यानंतर कोण वाचणार.

हे कलम मी डाव्या हाताने झाकून लिहीत आहे.

देतेलिनचा आवाज गोड आहे, पण तो सिलिस्त्रा येण्याआधीच कंटाळतो. तोन्काचा आवाज बंदरावर ओरडून ओरडून फाटला आहे आणि मायक्रोफोन दिसला की ती गायला लागते. शाळेच्या बाई येऊन गेल्या. त्यांनी पाण्यात भावना घातली. पाण्यात भावना घालायची नसते, ती ऐकणाऱ्याची असते.

वेनेताला ही खुर्ची देऊ नये. ती या इमारतीत सर्व ठिकाणी वावरेल, झाडेल, पुसेल, तिकिटे फाडेल, पण माझ्या हयातीत वा पश्चात त्या खुर्चीत बसणार नाही.

कारण लिहिते. गावाला मी सांगत आले, की लाझारची बोट "चाइका" धुक्यात बुडाली त्या दिवशी ती आवाज न हलवता वाचत राहिली, म्हणून मी रागावले. मी तेव्हा सर्वांसमोर म्हणाले होते, "तुझ्या अंगात रक्त नाही, वन्सं, पाणी आहे." पण ते कारण नव्हे. आवाज हलवायचा नाही हे मीच तिला शिकवले होते.

लाझार ओढबोटीचा सुकाणू धरायचा. नदीवर महिना महिना. आमच्याकडे तेव्हा पत्राशिवाय काही नव्हते आणि पत्रे बोटीमागे धावायची. म्हणून मी एक केले. रोज वाचताना, ओर्याहोव्होनंतर, आमच्या गावाचे नाव घ्यायच्या आधी मी एक श्वास थांबायचे. एकच. तो श्वास त्याचा. तो कुठेही असला, लोमला, रूसेला, पार वर लिंझला, सुकाणूघरातल्या रेडिओवर तो श्वास त्याला मिळायचा. गावाजवळून जात असला की तो उत्तराला एकदा भोंगा वाजवायचा. गावाला वाटायचे जकातीला वाजवतो. केंद्रप्रमुख मला विचारायचे, "कॉम्रेड स्तोएवा, तिथे रोज काय अडकतं?" मी म्हणायचे, घसा. त्यांनी मला लिंडनचा चहा लावून दिला. तो मी पुढे कितीतरी वर्षे प्यायले, घशाला काही झालेले नसताना.

तर त्या मार्चच्या दिवशी मी घरी होते, सुट्टीवर. "चाइका"ची बातमी केंद्रावर आली होती, मला अजून कळली नव्हती. स्वयंपाकघरातल्या पेटीतून वेनेता वाचत होती. ओर्याहोव्हो म्हणाली आणि लगेच बेली ब्रेग. मध्ये काही नाही. सपाट. जणू तिथे कोणी राहतच नाही. आणि पुढचे चाळीस दिवस, मी काळ्या कपड्यांत खुर्चीवर परत येईपर्यंत, ती रोज तशीच वाचत गेली. तिचा सख्खा भाऊ. एक श्वास दिला नाही. सदतीस वर्षे झाली. मी तिला हे कधी सांगितले नाही, कारण सांगायचे म्हणजे आधी त्या श्वासाबद्दल सांगावे लागते.

तेव्हा खुर्ची कोणाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आज सण आहे, वेनेताने कार्प मासा तळून आणला आहे, आणि तोन्का केव्हापासून डबा उघडून बसली आहे. जेवून मग ठरवते.

येथे लिखाण थांबले होते. ते आता पुढे चालू करते आहे. अक्षर बदलले म्हणून कोणी कोर्टात जाऊ नये. हात माझाच आहे.

मासा चांगला झाला होता. लाझारसाठी दोन थेंब रकिया, म्हणजे आमची फळांची दारू, जमिनीवर सांडली, उरलेली आम्ही घेतली. मी भिंतीच्या बाकावर, जिथे पूर्वी वाद्यवृंदाची मुले पेंगायची, जरा पाठ टेकली. डोळे मिटायचा विचार नव्हता.

मी सुकाणूघरात होते. आयुष्यात मी त्या बोटीवर पाय ठेवला नव्हता, बायका बोटीवर आलेल्या चालत नसत, पण मला सगळे माहीत होते: काचेवरचा वाफेचा पडदा, हुकाला टांगलेला निळा डगला, सुकाणूशेजारी फळीवर रेडिओ. लाझार पाठमोरा उभा होता. धुके होते, पण भीतीचे नव्हते, दुधासारखे होते. रेडिओवर एक बाई पाणी वाचत होती. नोव्हो सेलो, चढ चार. व्हिदिन, चढ सहा. आवाज पाण्यावरूनच चालत येत होता आणि एकेक गाव काठावर उभे राहून मागे जात होते. मला फार बरे वाटले. इतकी वर्षे मी वाचले, ऐकले कधीच नाही. ऐकताना असे वाटते हे मला कोणी सांगितले नव्हते. लोम. मग माझ्या मनात आले, मी इथे आहे, तर तिथे कोण वाचते आहे? लाझारला विचारावे म्हणून तोंड उघडले, तर त्याने न वळता बोट ओठांवर ठेवले. ओर्याहोव्हो, म्हणाली ती बाई, उतार दोन.

आणि थांबली.

एक श्वास. तेवढाच. लाझारचा हात भोंग्याच्या दोरीकडे गेला.

बेली ब्रेग, म्हणाली ती. आणि मी जागी झाले.

काचेपलीकडे लाल दिवा लागला होता. माझ्या खुर्चीत वेनेता बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोन्काने आणलेला आकड्यांचा कागद हातात. निकोपोल, स्विश्तोव्ह, रूसे. कवळीमुळे ती आता सावकाश वाचते. सिलिस्त्रा वाचून तिने दिवा बंद केला आणि मग माझ्याकडे पाहिले. चोरी करताना सापडलेल्या माणसाचे तोंड असते तसे तिचे तोंड होते.

"मला वाटलं तुम्ही गेलातच," तोन्का म्हणाली. ती रडून बसली होती. "तीनला पाच कमी. हलवलं तरी उठेनात. मी तर क्रॉसची खूणसुद्धा केली."

"नाकाखाली बोट धरून पाहिलं मी," वेनेता म्हणाली. "घोरत होतीस. म्हटलं, हिला दचकवून उठवलं तर हृदय थांबायचं, नाही उठवलं तर इमारत जायची. बाहेर तो मानोलोव्ह घड्याळ बघत उभा. म्हणून बसले. पुसून ठेवते खुर्ची."

"खुर्ची राहू दे. तू थांबलीस का?"

"कुठे?"

"वन्सं, तुला माहीत आहे कुठे."

ती चष्मा पुसत बसली. तोन्का एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली.

"तू थांबतेस तिथे थांबले," वेनेता म्हणाली. "तुझ्या जागी वाचत होते ना."

"तुला ते कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला हवं? दोघी एका खोलीत काम करायचो. शिवाय दादा घरी आला की मला विचारायचा, मी ऐकत नसलो तरी ही थांबते का गं. मी म्हणायचे, रोज थांबते, बाकीच्यांचं पाणी शिळं होतं तोवर."

"मग त्या दिवशी का नाही थांबलीस? आणि पुढचे चाळीस दिवस?"

माझा आवाज हलला. निवेदिकेचा आवाज हलू नये, पण हलला.

वेनेताने चष्मा घातला. मग तिला बहुधा दिसेनासे झाले, म्हणून पुन्हा काढला.

"ते थांबणं तुझं होतं, वहिनी," ती म्हणाली. "तुझं आणि त्याचं. मी कशी थांबणार? मी कोण? ओर्याहोव्हो म्हटलं की मी जीभ चावून पुढचं गाव म्हणायचे. तू घरी ऐकत असशील, मला माहीत होतं. वाटायचं, मी थांबले तर म्हणशील, तेवढंही हिने घेतलं."

तोन्का आता मोठ्याने रडत होती. ती मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही रडते.

मी बाकावरून उठले, टेबलाशी आले आणि वरील कलम पाचव्यातला वेनेताविषयीचा मजकूर स्वतःच्या हाताने खोडला. वाचता येईल असा खोडला आहे. राग होता, तो नव्हता असे दाखवायचे नाही.

सुधारित कलम पाचवे. संग्रहालयाची खुर्ची, मायक्रोफोन, लाल दिवा, आणि रोज तीनला नदी वाचण्याचा अधिकार मी माझी नणंद वेनेता स्तोएवा हिला देते. द्राक्षाची वेलही तिलाच, मुळांसकट. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि असा वारस नेमल्याबद्दल लोक हसतील, तर हसू द्यावे. ती असेतो वाचेल. तिच्यानंतर कोण, ते तिने ठरवावे. त्याला कान आहेत की नाही हे ती माझ्यापेक्षा चांगले ओळखेल.

"हे चालत नाही," तोन्का नाक पुसत म्हणाली. "वेनेतामावशी साक्षीदार आहेत. वकील काय म्हणाला होता?"

"मग मला नको," वेनेता म्हणाली. "माझी सही राहू दे. वाचायचं काय, मी अशीही वाचीन."

"अशीही वाचशील आणि उद्या देतेलिन किंवा नगरपालिका येऊन म्हणेल, ही कोण? तुझं नाव वारसात जाणार. साक्षीदार दुसरा आणू."

"आता कुठून आणतेस? सण आहे, सगळे जेवून पडलेत."

तेवढ्यात श्री. मानोलोव्ह चॉकलेटचा डबा घेऊन आत आले. मनगटाला आमच्याकडे मार्चमध्ये बांधतात तो लाल-पांढरा दोरा अजून होता. वसंतातला पहिला करकोचा दिसल्याशिवाय तो सोडायचा नसतो, या बाबतीत ते शहाणे आहेत.

"बाई, तब्येत बरी आहे ना? आज आवाज वेगळा वाटला."

"तुम्हाला फरक कळतो?" मी विचारले. "तुम्ही तर घड्याळ बघायला येता."

"घड्याळ बघतो. ऐकतोही." ते जरा लाजले. "आई मला यावरच झोपवायची. शाळेतून आलो की जेवण, मग पाणी. सिलिस्त्रा मला बराच मोठा झाल्यावर कळली. त्याआधीच झोपायचो."

"वाचन वेळेवर झालं?"

"तीनच्या ठोक्याला. माझं घड्याळ स्विस आहे."

"आणि करारात आवाज कोणाचा हवा ते लिहिलंय?"

"नाही. करार मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा वाचलाय, बाई. जिवंत माणूस एवढंच आहे."

"ही जिवंत आहे. मग इथे साक्षीदार म्हणून सही करा."

त्यांनी कलम चौथे आणि सुधारित कलम पाचवे वाचले. वेळ घेऊन वाचले.

"म्हणजे मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"तुमच्या सहीवर नगरपालिका शंका घेणार नाही," तोन्का म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्याही सहीवर घेईल."

वेनेताने त्यांच्यासमोर माशाची थाळी सरकवली. त्यांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. खिडकीतून काठावरचा भोंगा दिसतो, त्याकडे बराच वेळ बघत बसले. मग पेन मागितले.

"एकच सांगतो, वेनेताबाई," सही करण्याआधी ते म्हणाले. "रूसेनंतर तुम्ही धावता. सिलिस्त्रा सावकाश म्हणा. तिथे कोणी झोपत असेल."

"बरं," वेनेता म्हणाली. तिने एखाद्याचे ऐकल्याचे मी प्रथमच पाहिले.

शेवटचे कलम. वरील सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम पाचवे मात्र उद्यापासूनच अमलात येईल. मी आजवर पुष्कळ वाचले. उद्या दुपारी मी माझ्या स्वयंपाकघरात, पेटीखालच्या खुर्चीवर, हातातले काम ठेवून बसणार आहे. ओर्याहोव्होपर्यंत सगळे ऐकेन. मग ती थांबेल, आणि तेवढा वेळ लाझार माझ्याकडे असेल.

हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचून पाहिले, माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.

स्थळ: जुने नभोवाणी केंद्र, स्टुडिओ, बेली ब्रेग
तारीख: २५ मार्च २०१६. पाणी तीनशे अठ्ठावीस, चढ तीन.

दाफिना लाझार स्तोएवा (सही)

साक्षीदार:

१. तोन्का पेयेवा, बंदर कचेरी, बेली ब्रेग (सही, कागदावरचा डाग रकियाचा आहे, अश्रूंचा नाही, असे तिचे म्हणणे)

२. पेन्चो मानोलोव्ह, व्यावसायिक, बेली ब्रेग (सही, आजचे वाचन माझ्या घड्याळाप्रमाणे वेळेवर झाले, मी स्वतः ऐकले)

याच ठिकाणी सकाळी लिहिलेले "वेनेता स्तोएवा" हे साक्षीदाराचे नाव मी खोडले आहे. कारण: ती वारस आहे.